मॅनेजर म्हणाला की मी किल्ल्या हरवल्या

चाकण पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारची आणि लाइनच्या दुरुस्तीसाठी वीजही गुरुवारीच जाते. कुरुळीत माझा क्लास एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे. खाली सिमेंटच्या गोण्या, वर दहावीचं व्याकरण. पंखा बंद पडला की मी खुर्ची दारात ओढते आणि जिन्यातल्या उजेडात पेपर तपासते. त्या गुरुवारी मामा आले ते असेच, हातात भेळीचा पुडा घेऊन. मोशी ते चाकण या रस्त्यावरच्या तीन कंपन्यांत मिळून मामांनी तीस वर्षं काढली. सध्या लाइनवर सुपरवायझर आहेत, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय. मुलांचे पेपर वाचायची त्यांना भारी हौस.

"याला शून्य का गं?" त्यांनी वरचाच पेपर उचलला.

प्रश्न डायरेक्टचं इनडायरेक्ट करण्याचा होता. द मॅनेजर सेड, "आय हॅव लॉस्ट माय कीज." पोरानं अवतरणचिन्हं खोडली, मध्ये एक दॅट घातला आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं. द मॅनेजर सेड दॅट आय हॅव लॉस्ट माय कीज.

"चुकलंय म्हणून शून्य. याचा अर्थ असा झाला की किल्ल्या या पोराच्या आणि हरवल्याही यानंच. हरवल्या मॅनेजरनं, आळ आला लिहिणाऱ्यावर."

मामा इतके हसले की भेळ सांडली. "मग बरोबरच लिहिलंय की! तीस वर्षांत 'किल्ल्या मी हरवल्या' म्हणणारा मॅनेजर मला भेटला नाही. तो हेच म्हणणार. याचा बाप कुठल्या कंपनीत आहे?"

"मामा, परीक्षेत कंपनी विचारत नाहीत."

"विचारायला पाहिजे. बरं, मराठीत हेच वाक्य तू मला कसं सांगशील?"

"मॅनेजर म्हणाला की मी किल्ल्या हरवल्या."

"बघ! मध्ये 'की' घातलास आणि बाकी सगळं जिथल्या तिथं. पोरानं 'की'चा दॅट केला. त्याचं काय चुकलं?"

नेमकी नस पकडली होती त्यांनी. मराठीत 'की'च्या पुढं मूळ बोलणं जसंच्या तसं बसतं. आई म्हणाली की मी येते. तो म्हणाला की मला ताप आहे. 'मी' आईचा, 'मला' त्याचा, 'आहे' त्याच्या त्या क्षणाचा. सांगणारा नुसतं दार उघडून बाजूला होतो, आत मूळ माणूसच बोलत असतो. हिंदीतही तेच. माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी मराठी आहे, बाकीच्यांचे आईबाप बिहार, उत्तर प्रदेशातून कंपन्यांसाठी आलेले. मुलांच्या बाकी चुका वेगवेगळ्या असतात, ही मात्र सगळ्यांची एकच.

"चुकलं एवढंच," मी म्हटलं, "की मराठीतल्या त्या वाक्याचेही दोन अर्थ होतात. 'मी' म्हणजे मॅनेजर, की 'मी' म्हणजे सांगणारा?"

"ते ऐकणाऱ्याला कळतं."

"कसं?"

"तोंडाकडं बघून. मॅनेजरचा आवाज काढून सांगितलं तर किल्ल्या त्याच्या. खाली मान घालून सांगितलं तर आपल्या."

"कागदाला तोंड नसतं, मामा."

बायकांना यात एक सोय आहे, तीही मी त्यांना सांगितली. 'मामा म्हणाले की मी चुकलो' असं माझ्या तोंडून आलं तर चुकलेले मामाच. मला बोलले असते तर मी 'चुकले' म्हटलं असतं. क्रियापदाच्या शेपटीवरून माणूस ओळखू येतो. पण किल्ल्यांच्या वाक्यात तीही सोय नाही. 'हरवल्या' हे क्रियापद किल्ल्यांच्या मागं गेलेलं; हरवणारा बाई आहे की बुवा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"हे बघ," मामांनी भेळ दोन कागदांवर वाटली. "माझं म्हणणं सरळ आहे. माणूस जे बोलला ते तसंच ठेवावं. तुमचं इंग्रजी काय करतं? त्याचा 'मी' काढून घेतं, त्याचा 'आज' काढून घेतं, 'इथं'चं 'तिथं' करतं. चोरीच्या मोटारसायकलचं करतात तसं. टाकी बदलली, हँडल बदललं, नंबरप्लेट बदलली, आणि वर म्हणायचं ही तीच गाडी."

"काढून घेत नाही, मामा. सांगणारा कुठं उभा आहे ते दाखवतं. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याचा मेसेज विसरलात?"

विसरण्यासारखा नव्हताच तो. 'उद्या पाणी येणार नाही, सर्वांनी भरून ठेवावे.' तारीख नाही, वार नाही. सोमवारी कुणीतरी टाकला. मंगळवारी दुसऱ्यानं कळकळीनं पुढं ढकलला. बुधवारी मामीच्या भिशीच्या ग्रुपवर आला. तीन दिवस मामीनं घरातली बादली, कळशी, कुकर, सगळं भरून ठेवलं आणि तिन्ही दिवस नळाला धो धो पाणी. पाणी सोमवारच्या उद्याला गेलं होतं, म्हणजे मंगळवारी सकाळी दोन तास, आणि तेव्हा मामी झोपलेल्या होत्या.

"तो 'उद्या' होता तसाच ठेवला म्हणून झालं ना हे? फॉरवर्ड करणाऱ्यानं 'मंगळवारी' केलं असतं तर? टुमॉरोचं द नेक्स्ट डे होतं ते यासाठी. 'उद्या' कुणाचा आणि कुठल्या दिवशी म्हटलेला, हे सांगणाऱ्यानं बघायचं असतं."

मामांनी भेळीतला कांदा बाजूला काढला. पटलं की ते असंच काहीतरी करतात.

खरं सांगायचं तर माझ्या वर्गातही हे असं शिकवलं जात नाही. भिंतीवर तक्ता आहे. नाऊचं देन, धिसचं दॅट, अगोचं बिफोर, विलचं वुड, कॅनचं कुड. मुलं पाढे म्हणावेत तसा म्हणतात, आणि पाढ्यात चूक झाली की गणितात होते तशीच इथंही होते, म्हणजे का झाली ते कळत नाही. उद्गारवाचक वाक्यांची तर दैनाच. गाइडात 'अरेरे!'चं 'एक्सक्लेम्ड विथ सॉरो' करायला सांगतात. दुःखानं उद्गारला. आमच्या आळीत आजवर कुणी दुःखानं उद्गारलेलं मी ऐकलं नाही. रडतात, कपाळाला हात लावतात, गप्प बसतात.

मामांच्या घरी अजून त्यांचं लाल पुठ्ठ्याचं रेन अँड मार्टिन आहे. त्यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला साहेब, आणि दुसऱ्या अंगानं कादंबरीकार. फ्रेंच फौजेतल्या शिपायांवरची त्याची 'बो जेस्ट' 1924 साली आली आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. शिपायांना तोंड भरून बोलू देणाऱ्या माणसाचं नाव आपल्याकडं लक्षात राहिलं ते अवतरणचिन्हं काढायला लावणारा म्हणून.

"आम्हाला पाचवीत एबीसीडी," मामा म्हणाले. "तुम्हाला पहिलीपासून. तरी चुका त्याच."

पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, आणि ते आणणारे शिक्षणमंत्री याच भागातले, प्राध्यापक रामकृष्ण मोरे. त्याआधी ते आमच्या तेव्हाच्या खेड मतदारसंघाचे खासदार होते; चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्या वादातलं मला काही आठवायचं कारण नाही, मी त्या वर्षी पहिलीत होते. बाईंनी फळ्यावर कॅट काढली होती एवढं आठवतं. पण मामा म्हणतात त्यात तथ्य आहे. शब्द लवकर आले, वाक्याची बैठक नाही आली. तो म्हणाला की, त्यानं सांगितलं की. 'सांगितलं'चं टोल्ड, 'की'चा दॅट, झालं: ही टोल्ड दॅट. कुणाला सांगितलं ते इंग्रजीत टोल्डच्या पाठीला लागून यावं लागतं, मराठीत आलं नाही तरी चालतं. वर्गात आठवड्यातून वीसदा हे खोडते मी.

"काळाचं काय?" मामा आता रंगात आले होते. "तो म्हणाला 'मी आजारी आहे'. आजारी आहे तर आहे. त्याचं वॉज कशाला? सांगेपर्यंत बरा झाला?"

"झालाही असेल. सांगणाऱ्याला माहीत नाही, म्हणून तो हमी घेत नाही. तो आजारी होता, तेव्हा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. आत्ताचं विचारू नका."

"आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तिथं बदलत नाही ना? तेवढं मला आठवतंय. युनिव्हर्सल ट्रुथ."

"कारण सांगतानाही ती फिरतेच आहे. अपवाद म्हणून शिकवतात, पण तो अपवाद नाही, तोच नियम आहे. सांगणाऱ्याच्या पायाखाली जे अजून खरं आहे, ते बदलायची गरज नाही."

"मग पगार सात तारखेला होतो, हे युनिव्हर्सल ट्रुथ?"

"कायदा तेच म्हणतो ना? महिन्याचा पगार सात तारखेच्या आत."

"कायदा म्हणतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना विचार. तिथं तुझं वुड घाल."

मग ते एकदम गप्प झाले. पुड्याचा कागद चारदा घडी घालून मुठीत धरला.

"तुला एक गोष्ट सांगतो. कंपनी विचारू नकोस. सहा-सात वर्षं झाली. हेल्पर होता एक, बीडकडचा, वीस-एकवीसचा पोरगा. डबल शिफ्ट मारलेली. पहाटे चारच्या सुमाराला त्याच्या सुपरवायझरनं त्याला सांगितलं, अजून एक बिन उचलून पलीकडच्या लाइनला लाव. चाळीस-पंचेचाळीस किलोचा बिन. पोरगं म्हणालं, 'सायेब, आता माझ्यानं उचलवत नाही.' एवढंच. आठ दिवसांनी चार्जशीट हातात. इंग्रजीतून. कामगारानं वरिष्ठांचा कायदेशीर आणि वाजवी आदेश पाळण्यास नकार दिला. रिफ्यूज्ड. शब्द तयारच असतात ते, मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समधनं उचललेले. पोराला मी वाचून दाखवलं तर मला म्हणतं, 'मामा, हे कुणाबद्दल आहे?'"

"तुम्ही काय केलं?"

"मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो डोमेस्टिक इन्क्वायरीत. उलटतपासणीत सुपरवायझरला एकच प्रश्न धरला. तो काय म्हणाला? त्याचेच शब्द सांगा. 'नाही म्हणाला.' नाही कसं म्हणाला? 'नकार दिला.' नकार हा तुमचा शब्द झाला, त्याचा कुठला? असं अर्धा तास. शेवटी तो वैतागून म्हणाला, 'माझ्यानं उचलवत नाही म्हणाला, झालं समाधान?' मी म्हटलं, लिहा साहेब, हेच लिहा, मराठीतच लिहा. इन्क्वायरी ऑफिसरनं पेन खाली ठेवलं, सुपरवायझरकडं बघितलं, मग लिहिलं."

'उचलवत नाही.' मराठी व्याकरणात याला शक्य कर्मणी म्हणतात, मुलं ऑप्शनला टाकतात. 'मी उचलत नाही' म्हणजे उचलायचं नाही. 'माझ्यानं उचलवत नाही' म्हणजे मन आहे, अंगात राहिलं नाही. एक 'व' मध्ये आला की हट्टाची दमणूक होते. त्या पोराची नोकरी त्या 'व'वर टांगली होती.

"पुढं?"

"नोकरी राहिली. चार दिवसांचा पगार गेला. पण तेव्हापासून मी ठरवलं, बोललेलं बदलायचं नाही. कोर्टातही ऐकीव चालत नाही. माझ्या वकील मित्रानं तेव्हा दाखवलं होतं, 1872 च्या पुरावा कायद्यात 60 वं कलम, तोंडी पुरावा प्रत्यक्षच पाहिजे."

"तो कायदा आता गेला. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आहे."

"कायद्याचं नाव गेलं, गोष्ट तीच आहे. आणि इन्क्वायरीला तो जसाच्या तसा लागू नसतो, तेही मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त जपायचं."

मला त्यांचं दुखणं कळत होतं, पण निदान पटत नव्हतं.

"मामा, त्या सुपरवायझरनं इनडायरेक्ट केलंच नाही. इनडायरेक्ट केलं असतं तर काय आलं असतं? ही सेड दॅट ही कुडन्ट लिफ्ट इट एनी मोर. कुडन्ट. त्याच्यानं उचलवत नव्हतं. तुमचा 'व' जिवंत राहिला असता. रिफ्यूज्ड हे कथन नव्हे, निकाल आहे. माझ्या क्लासमधल्या मुलानं असं लिहिलं असतं तर मी त्यालाही शून्यच दिलं असतं, या किल्लीवाल्यासारखं."

"तू दिलं असतंस. तिथं पेन तुझ्या हातात नव्हतं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खाली त्याच वेळी सिमेंटचा टेम्पो आला, त्यामुळं उत्तर शोधायला थोडा वेळ मिळाला. गोण्या उतरेपर्यंत धुरळा वर येतो, दार लोटून घ्यावं लागतं. अंधारात बसून मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

"बरं, तुमची ती इन्क्वायरी. पोराचा जबाब घेतला ना? तो कसा लिहिला होता?"

"पहिल्या पुरुषात. मी अमुक अमुक, वय इतकं, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की..."

"पुढं?"

मामांना पाठ होतं. बऱ्याच जबाबांना ते साक्षीदार असणार. "की, सदर दिवशी मी रात्रपाळीस कर्तव्यावर हजर असताना सदर सुपरवायझर यांनी मला सदरचा बिन..."

"ते पोरगं 'सदर' म्हणालं होतं?"

मामा थांबले.

"'कर्तव्यावर हजर असताना' म्हणालं होतं? 'मी' त्याचा, सही त्याची, शेवटी 'माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे, वाचून दाखवला' हेही त्याचंच. आणि मधला एक शब्द त्याचा नाही. तुम्ही म्हणता डायरेक्ट म्हणजे खरं. हे डायरेक्टच होतं की."

"ते... कारकुनी असते."

"तीही चोरीचीच मोटारसायकल, मामा. फक्त नंबरप्लेट जुनी ठेवलेली."

दार उघडलं तेव्हा मामा हसत होते, पण तोंडातल्या तोंडात. मग म्हणाले, "एक 'उचलवत नाही' तेवढं त्याचं होतं. ते मी घालून घेतलं."

मला वाटतं, आमच्या दोघांचं भांडण खरं तर 'म्हणाला' या शब्दाशी होतं, पुढच्या वाक्याशी नव्हतंच. सांगणारा स्वतःला कुठं लपवतो तर त्या क्रियापदात. आपली वर्तमानपत्रं बघा. एकच पुढारी एकच वाक्य बोलतो आणि एका पेपरात तो 'स्पष्ट करतो', दुसऱ्यात 'दावा करतो', तिसऱ्यात 'ठणकावतो', चौथ्यात 'टोला लगावतो'. वाक्य चारी ठिकाणी अवतरणात, अक्षर न बदलता. डायरेक्ट स्पीच अगदी शुद्ध, आणि वाचणाऱ्याचं मत मात्र अवतरणचिन्ह उघडायच्या आधीच बनवून टाकलेलं.

त्याच पेपरांत मराठीची एक खास चीज अजून टिकून आहे, ती मी मामांना त्यांच्या हातातला भेळीचा कागद उलगडायला लावून दाखवली. तेलाचे डाग पडलेली बातमी होती: आमदार म्हणाले की आपण कुठल्याही पक्षात जाणार नाही. 'आपण'. 'मी' नाही, 'ते' नाही. बोलणाराच स्वतःविषयी बोलतोय हे पक्कं, आणि बोलणारा म्हणजे बातमीदार नव्हे हेही पक्कं. पोराचं किल्लीचं कोडं इथं सुटतं: मॅनेजर म्हणाला की आपण किल्ल्या हरवल्या.

"इंग्रजीत 'ही'नं हे जमत नाही," मी म्हटलं. "मॅनेजरनं सुपरवायझरला सांगितलं की 'ही'नं किल्ल्या हरवल्या. आता कुठला 'ही'? दोघंही ही."

"म्हणजे तुझं इंग्रजी पण गोंधळतं तर."

"गोंधळतं. शंभरदा."

"मग हे 'आपण' घरात का बोलत नाही कुणी?"

"घरात तोंड दिसतं."

हे मीच त्यांचं त्यांना परत केलं होतं. मामांनी ते मोठ्या मनानं घेतलं.

अवतरणचिन्हं तशी आपल्याकडं अलीकडची. मोडीत शब्दसुद्धा सुटे करत नसत, चिन्हं कुठली? छापखान्याबरोबर इंग्रजी विरामचिन्हं आली, आणि ती मराठीत बसवण्यात मेजर कँडींचा हात मोठा. मोल्सवर्थच्या कोशाचं काम करणारे तेच हे कँडी. त्याआधी कोण बोललं आणि कुठं थांबलं हे शब्दांनीच सांगावं लागे. संस्कृतात वाक्याच्या शेवटी 'इति', आपल्याकडं 'असं', 'म्हणून', 'की'. मामांना मी म्हटलं, तुमचा हा 'की' म्हणजे आवाज असलेलं अवतरणचिन्ह आहे. अगदी उघडणारंच, बंद करणारं नाही. बंद कुठं होतं ते ऐकणाऱ्यानं बघून घ्यायचं.

"आळंदी फाट्यावर उभं राहून हे सांगतीस?" मामा म्हणाले. "माउलींकडं बघ. कृष्ण अर्जुनाला सांगतोय. ते संजय धृतराष्ट्राला सांगतोय. ते व्यासांनी सांगितलं. ते माउलींनी आपल्याला सांगितलं. चार जणांच्या तोंडून आलं, एकानं तरी कृष्णाचा 'मी' काढून 'तो' केला का?"

वारकरी माणूस हातातलं पान असं एकदम टाकेल असं मला वाटलं नव्हतं. खरंच, चार मजली 'म्हणाला' आहे तो, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचा 'मी' जागचा हललेला नाही. मी इतकंच म्हणू शकले की, संजय आंधळ्या राजाला सांगत होता, समोरच्याला काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्याला सगळं जसंच्या तसं ऐकवणं भाग होतं.

"मग वाचणारा काय डोळस असतो?" मामा म्हणाले. हा डाव त्यांचा. लिहून ठेवते.

माझी मामेबहीण पुण्यात जर्मन शिकते. चाकणला जर्मन कंपन्या आल्यापासून ते एक नवं चलन झालंय. तिनं मध्यंतरी सांगितलं होतं की जर्मनमध्ये दुसऱ्याचं बोलणं सांगायला क्रियापदाचं एक वेगळंच रूप आहे. बातमीदार ते वापरतात. नुसत्या त्या रूपावरून कळतं की हे मी म्हणत नाही, तो म्हणतो, खरंखोटं त्याचं त्याच्यापाशी. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"आपल्याकडं 'म्हणे' आहे की. कंपनी गुजरातला चालली म्हणे. बोनस वाढणार म्हणे. कंपनीच्या बसमध्ये बसून बघ, निगडी ते कुरुळी सगळी बस 'म्हणे'वर चालते. कोण म्हणे ते विचारायचं नाही. विचारलं की बस थांबते."

इंग्रजीत याच्या तोडीचा शब्द मला सापडलेला नाही. इट इज सेड, पीपल से, असली लांबण लावावी लागते, आणि तरी त्यात 'म्हणे'चा तो खांदे उडवण्याचा ठसका येत नाही. मी परीक्षेला कधी 'म्हणे'चं इंग्रजी करायला दिलेलं नाही. देणारही नाही, मला स्वतःला येत नाही.

साडेपाचला पंखा फिरायला लागला आणि पेपर उडाले. गोळा करताना किल्लीवाल्या पोराचा पेपर परत वर आला. मी शून्य खोडलं नाही, पण समासात लिहिलं, 'किल्ल्या कुणाच्या? येऊन भेट.' मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, अर्धा मार्क तरी दे, पोरानं कंपनी बरोबर ओळखलीय.

तेवढ्यात माझ्या फोनवर मामीचा फोन. मामांचा फोन नेहमीप्रमाणं स्कूटरच्या डिकीत. मी पडद्यावरचं नाव त्यांना दाखवलं. खुर्चीत आणखी मागं रेलून, रिकाम्या कपाकडं बोट दाखवत, त्यांनी हळूच सांगितलं, "निघालो म्हणावं."

मी फोन उचलला. "मामी, मामा म्हणतायत की मी निघालो."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग मामी म्हणाल्या, "म्हणतायत ना? मग अजून अर्धा कप चहा टाक त्यांना."